परीक्षा तीच, मुले मात्र बदलली

सन २०१९ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क शहराच्या शिक्षणखात्याने आपल्या निवडक सरकारी हायस्कुलांच्या प्रवेशाचे आकडे प्रसिद्ध केले. त्यांतील सर्वांत नावाजलेल्या स्टायव्हेसंट हायस्कुलात त्या वर्षी ८९५ मुलांस जागा देऊ करण्यात आल्या होत्या. त्यांपैकी कृष्णवर्णीय मुले किती, तर सात. आदल्या वर्षी ९०२ जागांपैकी दहा जागा त्यांच्या वाट्यास आल्या होत्या, आणि पुढील वर्षांतही हा आकडा दहाच्याच आसपास घुटमळत राहिला. त्या वेळी शहराच्या सरकारी शाळांत शिकणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश मुले कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन वंशांची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे सात या आकड्याचा अर्थ कळतो.

सात समुद्रांपलीकडील एका शाळेच्या प्रवेशाशी आमच्या पेठेतील दुकानदारास अथवा कचेरीतील कारकुनास काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ज्याच्या घरी दहावीस किंवा बारावीस बसलेले मूल आहे त्याने या शाळेची हकीकत अवश्य वाचावी. 'गुणवत्ता' या शब्दावरून आपल्याकडे घरोघर जे वाद होतात, तेच वाद तेथे गेली पन्नास वर्षे चालले आहेत. शिवाय तेथील आकडे वर्षानुवर्षे नोंदलेले असल्यामुळे वाद करणाऱ्यांस नुसत्या आवाजाच्या जोरावर जिंकता येत नाही.

ही शाळा १९०४ साली मॅनहॅटन भागात निघाली. प्रथम ती केवळ मुलग्यांकरिता असून तेथे हातच्या कसबाचे शिक्षण देण्याचा उद्देश होता. पुढे गणित व भौतिक शास्त्रे यांच्या शिक्षणाबद्दल तिची ख्याती झाली. फी नाही, देणगी नाही. शहरात राहणाऱ्या कोणत्याही मुलास तेथील प्रवेशपरीक्षेस बसण्याची मोकळीक आहे. आजवर चार नोबेल पारितोषिक विजेते या शाळेतून निघाले. त्यांतील रोआल्ड हॉफमन हे नाझींच्या संहारातून लहानपणी वाचून १९४९ साली अमेरिकेत आलेले. फाटक्या खिशाने बोटीतून उतरलेल्या कुटुंबाचा मुलगा या शाळेच्या दारातून आत जातो आणि विद्वान होऊन बाहेर पडतो, ही कथा त्या शहरास फार प्रिय आहे, आणि ती खोटीही नाही.

परंतु दार सर्वांस उघडे होते असे मात्र नव्हे. १९६९ पर्यंत मुलींस तेथे प्रवेशच नव्हता. त्या साली ॲलिस डी रिव्हेरा नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीने न्यायालयात दाद मागितली, तेव्हा शिक्षणखात्याने आपला नियम मागे घेतला. मौज अशी की ती मुलगी स्वतः त्या शाळेत शिकलीच नाही. तिचे कुटुंब शहर सोडून गेले. तिने उघडलेल्या दारातून पुढे हजारो मुली आत गेल्या, आणि शाळेची कीर्ती त्यामुळे रतिभरही उणी झाली नाही. मुली आल्या म्हणजे विद्येचा दर्जा उतरतो असे जे शहाणे त्या काळी इकडे व तिकडे सांगत असत, त्यांच्या मताची किंमत यावरून वाचकांनी करावी.

आता परीक्षेविषयी. आठवीत शिकणारी सुमारे २७ हजार मुले दरवर्षी या परीक्षेस बसतात. वेळ तीन तास, विषय दोन, इंग्रजी व गणित. मुलाने शाळेत वर्षभर काय केले, त्याची हजेरी किती, शिक्षकांचे मत काय, घरची परिस्थिती कोणती, यांपैकी कशाचाही विचार होत नाही. गुणांची उतरती यादी करावयाची, वरच्या मुलास त्याच्या पसंतीची शाळा द्यावयाची आणि जागा संपल्या की यादी मिटावयाची, एवढाच व्यवहार. या रीतीस एक मोठा गुण आहे व तो आम्ही मोकळेपणाने कबूल करितो. येथे वशिला चालत नाही, पैसे चारता येत नाहीत, आणि परीक्षकास मुलाचा रंगही दिसत नाही. ज्या देशात दाखल्यासाठी खेटे घालावे लागतात त्या देशातील माणसास अशा निर्लेप तराजूचे कौतुक वाटल्यास नवल नाही.

हा तराजू असाच राहावा, त्यास कोणी हात लावू नये, असा कायदाही आहे. १९७१ साली काही पालकांनी व शिक्षणक्षेत्रातील मंडळींनी ही परीक्षा कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन मुलांस प्रतिकूल आहे अशी तक्रार केली, आणि शहराच्या शिक्षणखात्याने चौकशी करण्याचे मनात आणिले. ती चौकशी पुरी होण्याची वाट न पाहता ब्राँक्स भागातील हेक्ट व कलँड्रा या दोन प्रतिनिधींनी राज्याच्या विधिमंडळात घाईने विधेयक आणून संमत करून घेतले. स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स व ब्रुकलिन टेक्निकल या तीन शाळांत केवळ स्पर्धापरीक्षेनेच प्रवेश दिला जाईल, असे त्या कायद्याने ठरविले. म्हणजे शाळा शहराच्या, मुले शहराची, शिक्षक शहराचे, आणि प्रवेशाचा नियम मात्र बदलावयाचा तर राज्याच्या राजधानीचे उंबरे झिजवावयाचे! तोच कायदा आजतागायत चालू आहे.

येथून वादास तोंड फुटते. एक पक्ष म्हणतो की, परीक्षा निःपक्षपाती आहे. ज्यांची मुले तीत उतरत नाहीत त्यांनी अधिक अभ्यास करावा. दुसरा पक्ष म्हणतो की, ज्या परीक्षेने सातच कृष्णवर्णीय मुले निवडली ती परीक्षाच वर्णद्वेष्टी आहे; तिचे विसर्जन करावे. दोन्ही पक्षांस आम्ही एकच जुनी खतावणी उघडून दाखवू इच्छितो. १९७५ साली स्टायव्हेसंटमध्ये एकंदर २,५३६ विद्यार्थी होते आणि त्यांत ३०३ कृष्णवर्णीय होते. म्हणजे शेकडा सुमारे बारा. १९८० साली ते २१२ झाले, २००० साली १०९, आणि २०१२ साली ३,२९५ विद्यार्थ्यांत अवघे ४० उरले. हा सगळा ऱ्हास १९७१ च्या कायद्यानंतरचा आहे. शाळा तीच, कायदा तोच, निवडीची रीतही तीच. मग सैंतीस वर्षांत तीनशेतीनांचे चाळीस कसे झाले?

ज्यांचे म्हणणे असे की ही मुले जात्याच मंद असतात, त्यांस या आकड्यांपुढे बोलावयास जागा नाही. एखाद्या समाजाची बुद्धी एका पिढीत सात-आठपट आटत नसते. परंतु सारा दोष परीक्षेच्या माथी मारणारेही येथे अडचणीत येतात. कारण याच रीतीने १९७५ साली तीनशे मुले आत सोडली होती. कारण अन्यत्र शोधले पाहिजे, आणि ते परीक्षेच्या दिवसापूर्वीच्या आठ वर्षांत सापडते.

कृष्णवर्णीय व लॅटिन वस्त्यांतील पुष्कळ प्राथमिक व मधल्या शाळांत पूर्वी हुशार मुलांचे निराळे वर्ग असत. शिक्षक अशा मुलांस हेरीत, त्यांस पुढचे गणित शिकवीत आणि स्टायव्हेसंटचा अर्ज भरावयास लावीत. ज्या आईबापांनी त्या शाळेचे नावही ऐकले नव्हते त्यांच्या मुलांस वाट दाखविणारे हेच शिक्षक होते. पुढील दशकांत हे वर्ग एकामागून एक बंद होत गेले किंवा नावापुरते उरले. ज्या वस्त्यांत आईबाप आरडाओरडा करू शकत होते तेथे ते टिकले, जेथे करू शकत नव्हते तेथे गेले. परिणाम असा झाला की, शहरात मधल्या इयत्तांच्या सुमारे सहाशे शाळा असता या निवडक हायस्कुलांतील निम्म्या जागा केवळ एकवीस शाळांतील मुलांस मिळत असल्याचे २०१८ च्या सुमारास आढळून आले. उरलेल्या पावणेसहाशेंहून अधिक शाळांतील शिक्षकांनी आपल्या वर्गातील गणितात हुशार अशा मुलीस काय सांगावे? परीक्षा सर्वांस खुली आहे, असेच ना?

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू बाजाराची आहे, आणि आमच्या व्यापारी वाचकांस ती सांगण्याची गरज नाही. जेथे माल दुर्मीळ व मागणी प्रचंड, तेथे दलाल उभे राहतातच. १९६५ साली अमेरिकेने आपला परदेशी लोकांच्या वसाहतीचा कायदा बदलला. तेव्हापासून चिनी, कोरियन, पुढे भारतीय व बांगलादेशी कुटुंबे या शहरात मोठ्या संख्येने आली. फ्लशिंग, सनसेट पार्क यांसारख्या त्यांच्या वस्त्यांत या परीक्षेची तयारी करून घेणारे शिकवणीचे वर्ग निघाले. मूल पाचवी-सहावीत गेले की शनिवार, रविवार व उन्हाळ्याची सुट्टी त्या वर्गांत जाऊ लागते. २०१९ च्या सुमारास स्टायव्हेसंटमधील विद्यार्थ्यांत आशियाई मुले शेकडा सत्तरांहून अधिक होती.

येथे एका अन्यायाविषयी स्पष्ट बोलणे आम्हांस भाग आहे. या आशियाई मुलांचा उल्लेख पुष्कळ लेखक असा करितात की, जणू ही श्रीमंतांची लाडावलेली पोरे आहेत. वस्तुस्थिती उलट आहे. स्टायव्हेसंटमधील शेकडा चाळीसांहून अधिक मुले सरकारी हिशेबाने गरीब कुटुंबांतील आहेत. खाणावळीत भांडी घासणारा बाप व शिवणकामाच्या कारखान्यात राबणारी आई पोटास चिमटा घेऊन शिकवणीची फी भरितात. कारण इंग्रजी न येणाऱ्या माणसास या शहरात ओळखीपाळखी नाहीत आणि वर चढण्याची हीच एक शिडी त्यास ठाऊक आहे. २०१८ साली शहराच्या शाळांच्या तत्कालीन प्रमुखांनी, या शाळांचा प्रवेश कोणा एका वंशाच्या मालकीचा आहे असे आपण मानीत नाही, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यामुळे ही कुटुंबे दुखावली गेली, आणि त्यांचे दुखावणे आम्हांस रास्त वाटते. त्यांनी कोणाचे काही चोरलेले नाही. सरकारने जो नियम घालून दिला तो त्यांनी इतरांपेक्षा अधिक कष्टाने पाळला.

त्याच वर्षी महापौर बिल डी ब्लासिओ यांनी एक योजना मांडली. परीक्षा रद्द करावी आणि शहरातील प्रत्येक मधल्या शाळेच्या वरच्या शेकडा सात मुलांस या हायस्कुलांत जागा द्यावी, असा तिचा सारांश. अशाने निवडक शाळांतील सुमारे ४५ टक्के जागा कृष्णवर्णीय व लॅटिन मुलांस मिळतील, असा सरकारचा अंदाज होता. त्या वेळी त्यांचा वाटा शेकडा दहाच्या आतबाहेर होता. कल्पना अगदीच नवी नव्हती. टेक्सास राज्याने १९९७ साली आपल्या विद्यापीठांकरिता प्रत्येक हायस्कुलातील वरच्या शेकडा दहा मुलांचा असाच नियम केला होता. तिच्यात न्यायाचा अंश होता हे आम्ही मान्य करितो. दुबळ्या शाळेत पहिले येणारे मूल आणि संपन्न शाळेत चाळिसावे येणारे मूल यांत कोणाची ताकद अधिक, हे तीन तासांच्या परीक्षेवरून नेहमीच कळते असे नाही. परंतु योजना मांडण्यापूर्वी ज्यांचे नुकसान व्हावयाचे होते त्या कुटुंबांस महापौरांनी विश्वासात घेतले नाही, आणि हीच मोठी चूक झाली. सौंदर्यप्रसाधनांच्या व्यापाराचे धनाढ्य वारस रोनाल्ड लॉडर यांनी परीक्षेच्या बचावाच्या मोहिमेस पैसा पुरविला, आशियाई पालक रस्त्यावर उतरले, आणि २०१९ साली विधिमंडळाने योजनेस हातही लावला नाही. गरिबांच्या दोन समाजांत वैर मात्र उत्पन्न झाले.

या वैराचा नफा कोणास मिळाला हे पाहण्यासारखे आहे. शहरातील खऱ्या श्रीमंतांची मुले ना या परीक्षेवर अवलंबून, ना त्या शेकडा सातांवर; त्यांची खासगी विद्यालये वेगळी व तेथील फी सामान्य कुटुंबाच्या वार्षिक मिळकतीइतकी. मूठभर चांगल्या सरकारी जागांसाठी भांडी घासणाऱ्याचा मुलगा व रुग्णालयात सेवा करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईची मुलगी एकमेकांवर धावून जात असता, अशा जागा मूठभरच का, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्थितीकडे महाराष्ट्राने पाहण्याची ही पहिली वेळ नव्हे. १८७३ साली जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, गुलामांस दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला होता. त्याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, ते न्यूयॉर्कच्या आजच्या वादात जसेच्या तसे ठेवून द्यावे इतके लागू पडते. रयतेच्या घामातून सरकारचा खजिना भरतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. प्राथमिक शाळा मात्र ओस पडतात, ही त्यांची तक्रार होती. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. दाराशी कोण उभा आहे हे पाहण्याआधी दारापर्यंत येणाऱ्या रस्त्यावर कोणास चालू दिले, हे त्यांनी विचारले होते. कोल्हापुरी शाहू छत्रपतींनीही १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांकरिता राखण्याचा हुकूम काढण्यापूर्वी, १९०१ सालीच विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचा पाया घातला होता. केवळ हुकुमाने जागा भरत नाहीत आणि केवळ वसतिगृहाने दार उघडत नाही, हे त्यांस पक्के ठाऊक होते.

आमच्याकडील शिकवणीचा व्यापार तर न्यूयॉर्कलाही लाजवील असा आहे. शिकवणीवर्गांच्या बळावर लातूर शहराचे नाव महाराष्ट्रभर झाले. गावोगावचे शेतकरी जमीन गहाण टाकून तेथे मुले ठेवितात. आणि निकाल लागला की, ज्याची मुले पुढे आली तो 'गुणवत्ता' म्हणतो, ज्याची मागे राहिली तो 'नशीब' म्हणतो. तथापि परीक्षा ठेवूनही तिच्या आंधळेपणास आवर घालता येतो, याचे उदाहरण आमच्याच देशात आहे. नवोदय विद्यालये १९८५-८६ पासून सुरू झाली; पहिल्या दोहोंपैकी एक आमच्या अमरावतीस निघाले. तेथेही सहावीचा प्रवेश परीक्षेनेच होतो. परंतु निदान शेकडा पंचाहत्तर जागा खेड्यांतील मुलांच्या, आणि निदान एक तृतीयांश मुलींच्या, असा नियम आरंभापासून घातलेला आहे. शहरातील वकिलाच्या मुलाची स्पर्धा दुष्काळी गावातील मुलाशी लावून त्यास न्याय म्हणण्याचे धाडस त्या नियमकर्त्यांस झाले नाही. हे सारे निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. खेड्यातील सावकाराचा मुलगाही खेड्यातीलच ठरतो. तरी तराजूच्या पारड्यात धोंडा कोठे आहे हे त्यांनी पाहिले, एवढे खरे.

न्यूयॉर्कनेही अगदी हात जोडून बसावे असे नाही. १९७१ च्या त्याच कायद्यात गरीब व थोडक्यात हुकलेल्या मुलांकरिता उन्हाळी अभ्यासाची एक वाट ठेविलेली आहे. 'डिस्कव्हरी' असे तिचे नाव. शहराने २०१८ साली या वाटेने येणाऱ्यांसाठी शेकडा वीस जागा ठेवण्याचे ठरविले व गरिबांचा भरणा असलेल्या शाळांतील मुलांपुरती ती मर्यादित केली. त्यावर काही आशियाई पालकसंघटना न्यायालयात गेल्या. शिवाय परीक्षेने प्रवेश देणाऱ्या आठ हायस्कुलांपैकी तीनच कायद्याने बांधलेली आहेत. उरलेल्या पाच शाळांत शहराने आपण होऊन परीक्षा लावली आहे, आणि तेथे निवडीची निराळी रीत करून पाहण्यास राजधानीची परवानगी लागते असे आमच्या समजुतीने तरी नाही. शिकागो शहराने मुलाच्या वस्तीची आर्थिक स्थिती विचारात घेऊन निवडक शाळांच्या काही जागा भरण्याची रीत पूर्वीच घातली. आमच्या मते न्यूयॉर्कने त्या पाच शाळांत हा प्रयोग करावा, तीन शाळांत परीक्षा राहू द्यावी, आणि याहून अधिक पैसा त्या पावणेसहाशे शाळांत हुशार मुलांचे बंद पडलेले वर्ग पुन्हा उघडण्यात घालावा. आठ वर्षांनी तीनशेतीनांचा आकडा परत येतो की नाही हे मग पाहता येईल. आणि नाहीच आला, तर परीक्षेस दोष देणाऱ्यांचे म्हणणे पुन्हा ऐकण्यास आम्ही तयार आहो.

सन २०२६ च्या आरंभी न्यूयॉर्कचे महापौरपद स्वीकारणारे झोहरान ममदानी हे भारतीय वंशाच्या आईबापांचे पुत्र असून, याच परीक्षेतून निघून ब्राँक्स सायन्स हायस्कुलात शिकलेले आहेत. त्या शिडीच्या वरच्या पायरीवरून ते शहर पाहत आहेत. खालच्या पायऱ्या कोणी काढून नेल्या, हे त्यांच्याच शिक्षणखात्याच्या दप्तरात सालवार लिहिलेले आहे.